बेळगावातून आलेला तालुका

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमालेत बेळगाव जिल्ह्याचा एकविसावा खंड १८८४ साली निघाला आणि कोल्हापूर संस्थानाचा चोविसावा खंड १८८६ साली. दोन्हींचा संपादक एकच, जेम्स कॅम्बेल. हे दोन खंड शेजारी ठेवून चंदगड शोधू लागलो, तर ते कोल्हापूरच्या खंडात सापडत नाही. सापडते ते बेळगावच्या खंडात, आणि तेही स्वतंत्र तालुका म्हणून नव्हे, तर बेळगाव तालुक्याला जोडलेला एक महाल म्हणून. मात्र १९६० साली कोल्हापूर जिल्ह्याचे नवे गॅझेटियर छापले गेले, तेव्हा चंदगड त्यात आलेले होते. मधल्या काळात ना नदी हलली होती, ना डोंगर. जिल्हा बदलला होता, आणि त्याबरोबर राज्यही.

सीमाप्रश्न म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर बेळगाव, निपाणी, खानापूर, कारवार उभे राहते. जे मिळाले नाही, त्याचा हिशेब आपण गेली सत्तरेक वर्षे मांडत आलो आहोत, आणि तो मांडायलाच हवा. पण जुन्या बेळगाव जिल्ह्यातला एक अख्खा भाग महाराष्ट्राला मिळाला, त्याचे पुढे काय झाले, हे विचारणारे लेखन माझ्या पाहण्यात फारसे नाही. कोल्हापूर शहरातसुद्धा ‘चंदगड पूर्वी बेळगाव जिल्ह्यात होते’ असे सांगितले की तिशी-चाळिशीतली माणसे चमकून बघतात. मी इतिहासाची पदवी घेतलेला माणूस नाही. नोकरी सांभाळून करवीर नगर वाचन मंदिरात आणि इतरत्र जे वाचले, आणि एसटीने फिरून जे पाहिले, त्यावर पुढचे लिहितो आहे.

आधी भूमी. कोल्हापूर जिल्ह्याचा नकाशा उभा धरला तर अगदी खालचे, दक्षिणेचे टोक म्हणजे चंदगड. उत्तरेला आजरा आणि गडहिंग्लज, पश्चिमेला सह्याद्रीची धार व तिच्याखाली सिंधुदुर्गातले सावंतवाडी-दोडामार्ग, पूर्वेला आणि दक्षिणेला बेळगाव जिल्हा. गोव्याची हद्द इथून हाकेच्या अंतरावर. पश्चिमेकडच्या पारगड, इसापूर, जांबरे या भागात पावसाळा म्हणजे चार महिने धुके आणि चिखल. पूर्वेकडे कालकुंद्री, कुदनूर, राजगोळीकडे सरकले की पाऊस उतरतो, माती काळी होते आणि मुलूख उघडा होतो. एकाच तालुक्यात असे दोन प्रदेश आहेत. पश्चिमेचा माणूस तोंड कोकणाकडे करून बसलेला, पूर्वेचा देशाकडे.

पाणी मात्र बहुतेक पूर्वेलाच जाते. घटप्रभा आणि ताम्रपर्णी या इथल्या दोन मुख्य नद्या. चंदगड गाव आणि कोवाड ताम्रपर्णीच्या काठी. ती पुढे घटप्रभेला मिळते आणि घटप्रभा बेळगाव जिल्ह्यात शिरून हिडकलच्या धरणात थांबते, मग गोकाकचा धबधबा ओलांडून कृष्णेकडे जाते. शेजारची हिरण्यकेशी आंबोलीला उगम पावते, आजरा-गडहिंग्लज करीत संकेश्वरला पोहोचते. उत्तरेकडच्या वेदगंगा-दूधगंगेचेही तेच. दूधगंगेवरचा काळम्मावाडी प्रकल्प तर दोन राज्यांचा सामाईक आहे. म्हणजे कोल्हापूरच्या दक्षिणेकडच्या जवळजवळ प्रत्येक नदीचे माहेर महाराष्ट्रात आणि सासर कर्नाटकात. एकटी तिलारी उलटी, पश्चिमेला कडा उतरून गोव्याच्या दिशेने जाणारी. तिच्या पाण्यावर वीज काढण्यासाठी इथे घाटमाथ्यावर धरण बांधले, तिलारीनगर वसले आणि तिलारीचा तो अंगावर येणारा उभा घाट तयार झाला. ऑगस्ट २०१९च्या महापुरात ताम्रपर्णी कोवाडच्या बाजारपेठेत शिरली, आणि त्याच दिवसांत तिकडे निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचे पाणी चढून पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला. एक गाव महाराष्ट्रातले, एक कर्नाटकातले. पंचनामे मात्र वेगवेगळ्या भाषांत झाले.

या मुलखाच्या हद्दी भाषेने कधीच आखलेल्या नव्हत्या, हे मुद्दाम सांगावे लागते, कारण आजचा वाद वाचून तसा समज होतो. अठराव्या शतकाच्या शेवटी आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला कोल्हापूरकर, सावंतवाडीकर, पटवर्धन, निपाणकर आणि पेशवे यांच्यात इथली गावे चेंडूसारखी फिरत होती. चिकोडी आणि मनोळी या दोन परगण्यांसाठी कोल्हापूर दरबार किती झगडला! १८१२च्या तहाने त्यांवरचा हक्क सोडावा लागला, पेशवाई बुडाल्यावर ते परत मिळाले आणि १८२९मध्ये इंग्रजांनी पुन्हा काढून घेतले. चिकोडी कोल्हापूरकडेच राहिली असती, तर १९५६च्या वादाचे स्वरूप काही वेगळे असते का, हा प्रश्न मला अधूनमधून सतावतो. ज्या रेषेवर आज पोलिसांचे कडे उभे राहते, तिचा बराचसा भाग कोणा दिवाणाने आणि कोणा रेसिडेंटाने जप्ती, दंड आणि खंडणीच्या हिशेबात ठरवलेला आहे. संस्थानी गावे एका बाजूला आणि खालसा गावे दुसऱ्या बाजूला अशी जी विभागणी झाली, तीच पुढे जिल्ह्यांची हद्द झाली आणि मग राज्यांची.

युरोपात बानात नावाचा असाच एक सखल, सुपीक प्रांत आहे. पहिल्या महायुद्धानंतर त्याचे रुमानिया, युगोस्लाव्हिया आणि हंगेरी यांच्यात तीन तुकडे झाले. रुमानियन, सर्ब, हंगेरियन, जर्मन अशी माणसे तिथे एकाच गावात राहत आली होती, त्यामुळे रेघ कुठूनही ओढली तरी कोणीतरी चुकीच्या बाजूला पडणारच होते. आपल्याकडे देश एकच राहिला, पासपोर्ट लागला नाही, हे आपले नशीब. तरी रेघ ओढण्यातली अडचण त्याच जातीची होती.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. डिसेंबर १९५३मध्ये नेमलेल्या राज्य पुनर्रचना आयोगाने सप्टेंबर १९५५मध्ये अहवाल दिला. न्या. फाजल अली अध्यक्ष, हृदयनाथ कुंझरू आणि सरदार पण्णिक्कर सदस्य. बेळगाव जिल्हा कर्नाटकात जावा, पण चंदगड तालुका वगळून, असे त्यांनी सुचवले. चंदगडमध्ये मराठी बोलणारे नव्वद टक्क्यांहून अधिक आहेत आणि मुंबई राज्याला तिथला कारभार करणे सोयीचे आहे, एवढे कारण. बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतही मराठी बहुसंख्य होती. पण तिथे आयोगाने दुसरे कारण पुढे केले: या तालुक्यांचे आर्थिक व प्रशासकीय संबंध उर्वरित बेळगाव जिल्ह्याशी अधिक जवळचे आहेत.

एकाच अहवालात, एकाच जिल्ह्यासाठी या दोन कसोट्या आहेत. चंदगडला भाषेची फूटपट्टी लावली आणि बेळगाव-खानापूरला बाजाराची. भाषेचीच कसोटी सगळीकडे लावली असती तर बेळगाव शहर महाराष्ट्रात आले असते, हे आपण नेहमी म्हणतो. पण बाजाराची कसोटी सगळीकडे लावली असती तर चंदगड बेळगावपासून तोडताच आले नसते, हे आपण म्हणत नाही. कारण चंदगडची बाजारपेठ बेळगाव हीच होती, आणि आजही बऱ्याच अंशी आहे. शिनोळीहून बेळगाव पंधरा-वीस किलोमीटर, कोल्हापूर शंभरावर. हा काही चंदगड तिकडेच राहायला हवे होते, असा युक्तिवाद नव्हे. तसे कोणा चंदगडकराला विचारून पाहावे, उत्तर कडक मिळेल. माझे म्हणणे एवढेच, की चंदगड आणि बेळगाव हे एकाच गाठोड्यातले होते. गाठोडे सोडून एक वस्त्र इकडे आणि एक तिकडे टाकले, आणि दोन्ही वेळा कारण सोयीचे निवडले. महाराष्ट्राने पुढे ‘खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा’ ही चतुःसूत्री मांडली, तिचे बळ या विसंगतीत आहे. सेनापती बापटांच्या १९६६च्या उपोषणानंतर महाजन आयोग नेमला गेला. १९६७च्या अहवालात त्याने निपाणी, नंदगडसह २६४ गावे महाराष्ट्राला आणि जत-अक्कलकोट-दक्षिण सोलापूर भागातली २४७ गावे कर्नाटकाला सुचवली. बेळगाव शहर तिकडेच ठेवले. तो अहवाल महाराष्ट्राने नाकारला, २००४ साली दावा सर्वोच्च न्यायालयात गेला. हा सारा इतिहास वाचकांना ठाऊक आहे, त्यात शिरत नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव, विजापूर, धारवाड, कारवार जिल्हे म्हैसूर राज्यात गेले आणि चंदगड कोल्हापूर जिल्ह्यात आले. कोल्हापूर जिल्हा तरी कुठे जुना होता? संस्थान विलीन झाले १ मार्च १९४९ला. म्हणजे सात-आठ वर्षांच्या जिल्ह्यात एक नवा तालुका दाखल झाला. जिल्हा संस्थानी संस्कारातला, तालुका ब्रिटिश खालशातला. कोल्हापूरच्या गावांत शाहू छत्रपतींच्या काळाच्या आठवणी, वसतिगृहे, राधानगरी धरण, कुस्तीच्या तालमी. चंदगडच्या आठवणीत हे काहीच नाही. तिथे आठवण आहे ती बेळगावच्या मामलेदार कचेरीची, बेळगावच्या शाळांची आणि बाबूराव ठाकुरांच्या ‘तरुण भारत’ची. १९१९मध्ये सुरू झालेले बेळगावचे ते वर्तमानपत्र चंदगडच्या चहाच्या टपरीवर आजही मी पाहिले आहे.

नकाशा बदलला तरी सातबारा बदलत नाही, याचा चंदगडइतका कडू दाखला दुसरीकडे सापडणे कठीण. हेरे नावाचे गाव या तालुक्यात आहे. त्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सरंजामात तालुक्यातली चाळीसहून अधिक गावे होती. १९५२मध्ये मुंबई सरकारने राजकीय स्वरूपाचे सरंजाम-जहागिरी खालसा केल्या. सरंजाम गेला, पण जमीन कसणाऱ्याच्या नावावर निर्वेधपणे आली नाही. पिढ्यान्‌पिढ्या नांगर धरणारा माणूस कागदोपत्री दुसऱ्या वर्गाचा भोगवटादार राहिला. अशी जमीन गहाण ठेवता येत नाही, विकता येत नाही, मुलाच्या शिक्षणाला कर्ज काढायचे तर बँक कपाळाला आठ्या घालते. हा प्रश्न सोडवायचे शासननिर्णय व्हायला एकविसावे शतक उजाडावे लागले, आणि गावोगावी त्यांची अंमलबजावणी आणखी रेंगाळली. भाषावार प्रांतरचनेच्या सभांत या गावांच्या वतीने भाषणे झाली असतील, पण त्या गावांच्या पायाखालची जमीन कोणाची, हे त्या सभांत विचारले गेल्याचे माझ्या वाचनात नाही. मराठी राज्यात आल्याचा आनंद आणि स्वतःच्या बांधावर परका असल्याचे दुःख या माणसांनी बरोबरीने पन्नासेक वर्षे सांभाळले.

पोटापाण्याचे पाहू. पश्चिमेला भात, नाचणी, डोंगरउतारावर काजू. गेल्या काही दशकांत काजूने या भागाचे रूप बदलले. घरामागे, शेडमध्ये काजू फोडण्याचे छोटे कारखाने निघाले आणि त्यांत बायकांच्या हाताला काम मिळाले. बीच्या टरफलातल्या तेलाने बोटांची कातडी सोलते, ते हात पाहिल्यावर काजूकतली पूर्वीसारखी गोड लागत नाही. पूर्वेला ऊस. हलकर्णीचा दौलत कारखाना हा सहकाराच्या ऐन भरातला या तालुक्याचा अभिमान. पुढे तो आर्थिक गर्तेत गेला, काही वर्षे बंद राहिला, मग भाड्याने चालवायला दिला गेला. दरम्यान राजगोळीला खासगी कारखाना उभा राहिला. ऊस सीमेपलीकडेही जातो आणि पलीकडून इकडेही येतो. तो कुठल्या भाषेत वाढला, हे वजनकाट्यावर विचारत नाहीत.

पण या मुलखाचे खरे सीमावर्ती पीक विचाराल तर मी रताळ्याचे नाव घेईन. तांबड्या, निचऱ्याच्या मातीत बेळगावचा पश्चिम भाग, खानापूर आणि चंदगड असा सलग पट्टा रताळी पिकवतो. पावसाळा सरला की ती बेळगावच्या बाजारात येतात आणि तिथून उत्तर हिंदुस्थानात दिल्लीपर्यंत जातात. कोल्हापूरच्या बाजाराला उसाची, गुळाची सवय. रताळ्याचे व्यापारी, आडते, वाहतूकदार बेळगावात. त्यामुळे चंदगडचा शेतकरी पोते घेऊन बेळगावला जातो, पट्टी करून घेतो, तिथेच मुलीसाठी कापड घेतो, दवाखाना उरकतो आणि शेवटच्या गाडीने परततो. एका सत्तरीच्या शेतकऱ्याने मला सांगितले, “दाखल्याला कोल्हापूर, बाकी सगळ्याला बेळगाव.” या एका वाक्यात तालुक्याचे अर्थशास्त्र आले.

याला जोडून बॉक्साइटची कथा आहे. चंदगडच्या पठारावरची तांबडी खनिज माती ट्रकांत भरून बेळगावच्या ॲल्युमिना कारखान्याकडे जात राहिली. खाणीची धूळ आणि खचलेले रस्ते या बाजूला, कारखान्याच्या नोकऱ्या त्या बाजूला. शिनोळी आणि हलकर्णीला महाराष्ट्राने औद्योगिक वसाहती उभारल्या. शिनोळीची तर बाची या कर्नाटकातल्या गावाला जवळजवळ खेटून. तिथले बरेच व्यवहार बेळगावच्या ओतकाम-यंत्रभागांच्या धंद्याशी बांधलेले आहेत, आणि कामाला येणारी माणसे दोन्हीकडची. सैन्यभरतीचेही तसेच. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावात, त्यामुळे या डोंगराळ गावांतल्या तरुणाला महाराष्ट्राबाहेर जाऊनच ‘मराठा’ पलटणीत दाखल व्हावे लागते.

गावगाड्याच्या पातळीवर देवांनी ही रेघ कधी मानलीच नाही. चंदगडचा रवळनाथ हा खरा तर कोकण-गोव्याच्या कुळीचा देव, घाट चढून वर आलेला. सौंदत्तीची यल्लम्मा कर्नाटकात, पण मार्गशीर्षातल्या यात्रेला कोल्हापूरहून जाणाऱ्या गाड्यांची रांग पाहावी. शंकराचार्यांच्या पीठाचे नावच करवीर-संकेश्वर, एक पाय इथे, एक तिथे. बाळूमामांचा जन्म निपाणीजवळच्या अक्कोळचा, समाधी भुदरगड तालुक्यातल्या आदमापूरची, आणि त्यांच्या नावाची बकरी दोन्ही राज्यांच्या शिवारात बसतात. शेतकरी आपणहून ती बसवून घेतो, कारण खत मिळते आणि पुण्यही. कोल्हापुरी चपलेचे भौगोलिक मानांकनदेखील महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून देण्यात आले आहे. अथणीच्या कारागिराने केलेली चप्पल तेव्हा कायद्यानेच कोल्हापुरी ठरते. एखाद्या सरकारी कागदावर या दोन्ही बाजू सुखाने शेजारी बसलेल्या पाहायला मिळाव्यात, हे विरळाच.

भाषेचे काय? चंदगडी बोली पुण्यामुंबईच्या कानाला कधी कोकणी वाटते, कधी कानडीच्या वळणाची. तिच्यात दोन्ही आहे. अण्णा, अक्का, तूप, अडकित्ता हे शब्द कानडीतून आले, हे आपण शाळेत पाठ केले. इथे ती पाठ करायची गोष्ट नाही, चुलीपुढची आहे. गडहिंग्लज तालुक्यात, शिरोळात, कागलच्या कडेला घरात कानडी आणि दारात मराठी बोलणारी कुटुंबे शेकड्यांनी सापडतील. तिकडे बेळगाव-खानापुरात मराठी शाळा टिकवण्यासाठी जी धडपड चालते, तिच्याविषयी आपण तळमळीने लिहितो. १९८६च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात माणसे बळी गेली, ते विसरता येणार नाही. तेवढ्याच मोकळेपणाने आपल्या बाजूच्या कानडी शाळेची पटसंख्या काय, तिथे शिक्षक आहे का, हेही एखाद्या दिवाळी अंकाने विचारावे असे मला वाटते. चतुःसूत्रीतली ‘लोकेच्छा’ फक्त रेघेच्या पलीकडच्या लोकांना असते असे नाही.

मराठी साहित्याला चंदगडने एक मोठे नाव दिले. ‘स्वामी’कार रणजित देसाई कोवाडचे. जन्म १९२८चा, म्हणजे कोवाड बेळगाव जिल्ह्यात असतानाचा. १९६२मध्ये ‘स्वामी’ आली तेव्हा कोवाड कोल्हापुरात आलेले होते. माधवराव पेशव्यांची कादंबरी शनिवारवाड्यापासून इतक्या दूर, ताम्रपर्णीकाठच्या गावातल्या लेखकाने लिहिली. पुण्याच्या इतिहासाकडे काठावरून पाहणारी नजर तिच्यात असेल का, हे समीक्षकांनी पाहावे, माझा तो प्रांत नाही. शेजारी नेसरीची खिंड आहे, जिथे फेब्रुवारी १६७४मध्ये प्रतापराव गुजर पडले. पश्चिमेला पारगड आहे, जिथे तानाजींचे पुत्र रायबा मालुसरे यांना किल्लेदारी दिल्याची परंपरा सांगतात आणि मालुसऱ्यांचे वंशज आजही राहतात. या गडाखालून रामघाट उतरतो. कोकणातून बेळगावकडे जाणारी ती जुनी बैलांची वाट. पुढे आंबोलीचा गाडीरस्ता झाला, वेंगुर्ल्याचा माल त्या बाजूने जाऊ लागला आणि रामघाट ओस पडला. बेळगाव-वेंगुर्ला रस्त्यावर चंदगडची आजची वस्ती, फाटे, बाजार उभे आहेत. पाटणे फाटा, हलकर्णी फाटा ही गावे नव्हेत, तो रस्त्याने घडवलेला बाजार आहे. आणि हा रस्ता मुळात बेळगावला बंदराशी जोडणारा आहे, कोल्हापूरला नव्हे.

सीमा तापली की पहिला फटका याच रस्त्याला बसतो. बेळगावात काही घडले की एसटी शिनोळीला थांबते, तिकडची गाडीही रेघेवरून परत फिरते, कधी गाड्यांना काळे फासले जाते. आंदोलन करणारे दोन्हीकडचे नेते संध्याकाळी घरी जातात. डायलिसिसची पाळी असलेला कोवाडचा माणूस फाट्यावर उभा राहतो. २०१२मध्ये बेळगावात सुवर्ण विधानसौध उभे राहिले, २०१४मध्ये शहराचे नाव अधिकृतपणे बेळगावी झाले. महाराष्ट्राने २०२३मध्ये सीमेपलीकडच्या ८६५ गावांना महात्मा फुले आरोग्य योजना लागू केली, त्यावर कर्नाटकाने आक्षेप घेतला. पलीकडच्या मराठी माणसाला योजना द्यावी, जरूर द्यावी. पण चंदगडचा माणूस मोठ्या दुखण्याला बेळगावला का धावतो, या प्रश्नाचे उत्तर योजनेत नाही. ते चंदगड-गडहिंग्लजला काय सुविधा उभी राहिली, त्यात आहे.

या सगळ्यात रेघेला अजिबात न जुमानणारा एक पाहुणा २००२च्या सुमारास आला. दांडेलीच्या जंगलातून निघालेले हत्ती खानापूरमार्गे दोडामार्गात आणि मग चंदगड-आजऱ्यात उतरले. ऊस, केळी, नारळ मिळाल्यावर ते परत जायचे नाव घेईनात. दोन राज्यांच्या वनखात्यांत त्यांना हाकलायचे कोणी आणि कुठे, यावर बरीच पत्रे गेली-आली. आजऱ्याकडच्या लोकांनी शेवटी एका टस्कराला चाळोबाच्या देवळावरून ‘चाळोबा गणेश’ असे नाव देऊन टाकले. उसाच्या नुकसानीचा पंचनामा करायला तलाठी येतो, तेव्हा त्याला गट नंबर हवा असतो, भोगवटादाराचा वर्ग हवा असतो. हेरे सरंजामाच्या गावांत अनेक वर्षे त्या रकान्याशी येऊन सगळे थांबत असे.